सम तारखेचा व्हायरस

कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी गल्लीतल्या माणसांनी आधी त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. दोघांतही विश्वास टाकावा असं त्यांना काही दिसलं नसावं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर त्रिंबकराव चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "पैठणकर, दुकानदार हे परत घेतो का हो?"

ही त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाळूजला नव्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीतली, मुकुंदवाडी स्टेशनच्या आसपासची पोरं बीए होऊन ओट्यावर बसून होती. या दोन गोष्टींचा सांधा जुळायला मध्ये फक्त एक कॉम्प्युटर हवा, असं मला एका रविवारी जेवताना सुचलं. मी पडलो सरकारी हेडक्लार्क. सरकारी नोकराला क्लास काढता येत नाही, म्हणून बोर्डावर संचालिका म्हणून आमच्या हिचं नाव घातलं. हिनं बोर्ड वाचला आणि विचारलं, "मला यातलं काय येतं?" संचालिकेला काही यावं लागत नाही, असं मी सांगितल्यावर ही पोळ्या लाटायला निघून गेली. मला मात्र सगळं येत होतं. मी दीड महिन्याचा कोर्स केला होता आणि त्यातला महिनाभर हजरही होतो.

दुकानदार पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, सोबत यूपीएस घ्या." वीज दगा देऊ लागली की मशीनला सांभाळून घेणारी ती पेटी. मी ती चैनीत धरली. घरात फ्रिजला लावलेला स्टॅबिलायझर होता, तो काढून कॉम्प्युटरला लावला. फ्रिजमध्ये तसंही पाण्याच्या बाटल्या आणि उरलेली आमटी यापलीकडं काही नसायचं.

घरगुती मीटरवर क्लास चालवणं गुन्हा आहे, असं त्रिंबकरावांनी सांगितल्यामुळं मी रीतसर वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थानं विचारलं, "मीटर कशासाठी?"

"कॉम्प्युटरसाठी."

"किती हॉर्सपॉवरचा?"

मी म्हणालो, त्याला हॉर्सपॉवर नसतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तो फिरतो कशावर?" मी म्हणालो, तो फिरत नाही. न फिरणाऱ्या यंत्रासाठी वेगळं मीटर मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांच्या नियमांत तेलघाणा होता, वेल्डिंग होतं, पिठाची गिरणी होती. कॉम्प्युटर नव्हता. चार खेपा घातल्यावर त्यांना माझी दया आली आणि त्यांनी मला गिरणीत टाकलं. त्यांच्या दप्तरी मी आजही दळण दळतो.

क्लासच्या वेळा त्रिंबकरावांच्या सल्ल्यानं ठरल्या. पोरं-पोरी एका खोलीत बसवल्या तर गल्ली बोलेल, म्हणून सम तारखेला मुली आणि विषम तारखेला मुलं. महापालिकेचं पाणीही आमच्याकडं सम तारखेलाच, संध्याकाळी सहाच्या सुमारास यायचं. पाणी आलं की गल्लीच्या टोकाच्या घरातली भामाबाई साळवे हंडा घेऊन आमच्या नळावर यायची, कारण पाणी त्यांच्या घरापर्यंत कधी पोचायचंच नाही. तिचा नवरा सूर्यभान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. त्यानं हौसेनं मोटरसुद्धा बसवली होती, पण ती नळातून नुसती हवा ओढायची.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विषम तारखेला आमचा कॉम्प्युटर अत्यंत गुणी असायचा. पोरं त्याच्यावर काय वाट्टेल ते करायची, तो हूं की चूं करायचा नाही. सम तारखेला मात्र सहा वाजले की पडदा एकाएकी काळा व्हायचा, मग तो आपणहून पुन्हा सुरू व्हायचा आणि तोवर टाइप केलेलं सगळं गायब झालेलं असायचं. गायब होण्यात माझ्या शिकवणीचाही हात होता. काम जपून ठेवायची आज्ञा अगदी शेवटी एकदाच द्यायची, असं मी शिकवलं होतं. फाईल पूर्ण झाल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी नोकरीतली शिस्त.

आणि नेमकी सहाच्या ठोक्याला खुर्चीवर असायची शमशाद. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ शिलाईचं दुकान चालवणाऱ्या रहीमभाईंची ही थोरली मुलगी. हात इतका चलाख की मी तिच्याकडं बघत शिकवायचो, म्हणजे तिला वाटावं मी शिकवतोय आणि मला कळावं ती काय करतेय. पण ती बसली की मशीन बंद पडायचं. एकदा झालं, चारदा झालं. बाकीच्या मुली कुजबुजायला लागल्या.

त्याच दिवसांत मी रविवारी सकाळी ओट्यावर 'संगणकाची गुपितं' या विषयावर बोलायला सुरुवात केली होती. फी नसल्यामुळं गर्दी बरी असायची. कीबोर्डवरची तीन ठरावीक बटणं एकदम दाबली की अडलेलं मशीन नव्यानं सुरू होतं, हे मी गंभीरपणे करून दाखवलं. समोरच्या घरातल्या बानाबाई म्हणाल्या, "बोटं नीट लावली की आमच्या शेळीचं बी तसंच हाय." बानाबाईंचा मुलगा वाळूजला लागला म्हणून त्या वैजापूरकडून इथं आल्या होत्या. मेंढरं गावाकडं राहिली होती, दोन शेळ्या सोबत आल्या होत्या आणि आमच्या गेटवर चढवलेली जाई त्या नियमितपणे खात होत्या.

मग मी हुकमी गुपित काढलं. "या मशीनमध्ये फाईलला कुठलंही नाव द्या, ते घेतं. पण सी, ओ, एन ही तीन अक्षरं द्या. घेणार नाही. कुणीही द्या, काहीही करा, घेणार नाही!" करून दाखवलं. खरंच घेतलं नाही. गर्दीतून एक हुंकार आला. खरं कारण अगदी साधं असतं. कीबोर्ड आणि पडदा या दोघांना मिळून मशीननं ते नाव आधीच राखून ठेवलेलं असतं, म्हणून दुसऱ्याला देत नाही. पण कारण सांगितलं की गुपित राहत नाही, म्हणून मी नुसताच सूचक हसलो.

मागं उभा असलेला सूर्यभान म्हणाला, "सर, एखादं नाव घ्यायचंच नाही म्हणून अडून बसणारं ह्ये काय पहिलंच हाय का? विद्यापीठाचं बघतोच की आम्ही."

नामांतराचा ठराव होऊन पंधरा वर्षं उलटली होती. त्यासाठी निघालेल्या मोर्चात सूर्यभान तरुणपणी चालला होता आणि त्याच्या गावातलं त्याचं घर त्याच्या पाठीमागं जळलं होतं. त्याविषयी तो फारसा बोलायचा नाही. मी पुढचं गुपित काढायला हवं होतं, ते काढलं नाही.

विषय बदलायचा म्हणून त्रिंबकरावांनी विचारलं, "ते जाऊ द्या. तुमचं मशीन सम तारखेलाच का झोपतं, ते सांगा."

'मला माहीत नाही' हे वाक्य मी ऑफिसात कधीही वापरलेलं नाही. तिथं आम्ही 'प्रकरण तपासाधीन आहे' असं म्हणतो. पण सगळ्या गल्लीसमोर तेही बरं दिसेना. मी म्हणालो, "व्हायरस."

"दिवसाआड येणारा?"

"दिवसाआडच येतो तो."

"हिवताप म्हणा की," त्रिंबकराव म्हणाले आणि मी मान हलवली.

झालं! त्या दिवसापासून गल्लीनं कॉम्प्युटरची शुश्रूषा हातात घेतली. बाहेरची घाण नको म्हणून पाय धुतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही असं ठरलं. ऐन थंडीत त्रिंबकराव नुसते पेपर मागायला आले तरी आधी पाय धुवायचे. बानाबाईंनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. "लई नजर लागलीय ह्याला," त्या म्हणाल्या. एवढं करूनही सम तारखेला सहा वाजता पडदा काळाच. तेव्हा मी आणखी खोल विचार केला आणि जाहीर केलं की काचेच्या बांगड्यांत वीज साठते, मुलींनी त्या काढून बसावं. सगळ्यांनी काढल्या. शमशादनं काढून खिडकीत ठेवल्या आणि सहा वाजता पडदा काळा झाल्यावर त्या पुन्हा न घालता रुमालात बांधून घरी नेल्या.

दुसऱ्या दिवशी रहीमभाई आले. आत बसले नाहीत. ओट्याखाली उभं राहून म्हणाले, "सर, साफ बोलो. मेरी बच्ची के हातां में कुछ नुक्स है क्या? मोहल्ल्यात लोक बोलायले, इसका हात लगा की मशीन बंद."

"नाही, नाही, व्हायरस..."

"ते मला समजत नाही. वाळूजच्या एका कंपनीत तिचं नाव सांगितलंय. ते साहेब तपासायला येणार. त्यांच्यापुढं बंद पडलं तर पुन्हा तिला कोणी बसवणार नाही. मग शिलाईची मशीन आहेच, पर वो बोलती, अब्बा, मुझे ये आता है." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता है ना सर उसको?"

"उत्तम येतं," मी म्हणालो. हे मात्र मी मनापासून म्हणालो.

कंपनीचा स्वतःचा कॉम्प्युटर खोक्यातच पडून होता, कारण त्याच्या खोलीतला एसी आला नव्हता. म्हणून साहेब आमच्याकडंच येऊन परीक्षा घेणार होते. संध्याकाळी सहाला, पाळी सुटल्यावर. स्टोअरमधल्या मालाची यादी टाइप करायची आणि छापून द्यायची.

जानेवारीच्या सुरुवातीला एका सम तारखेला मुलींना सुट्टी होती. मी एकटाच बसून 'संगणकीय व्हायरस: एक चिंतन' हा लेख टाइप करत होतो. एरवी मोटर लावणारी ही भाजीला गेली होती. भामाबाईनं दारातून हाक मारली, "भाऊ, नळ आलाय. मोटर लावा की."

मी उठलो आणि मोटरचं बटण दाबलं. मागं माझं चिंतन नाहीसं झालं.

मी मोटर बंद केली. कॉम्प्युटर सुरू झाला. मोटर लावली. कॉम्प्युटर गेला. मी असं बऱ्याचदा केलं. भामाबाई हंडा घेऊन माझ्याकडं बघत राहिली. मग मी गेटपाशी आलो. शेजारी त्रिंबकरावांची मोटर, समोर बानाबाईंच्या मुलाची, पलीकडं आणखी, पार टोकापर्यंत साऱ्या गल्लीच्या मोटरी घुमत होत्या. नळाला थेट मोटर लावणं बेकायदा असल्यामुळं ती प्रत्येकाकडं होती. सगळ्या एकदम सुरू झाल्या की गल्लीतली वीज मान टाकायची आणि तिच्यासोबत माझा फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा व्हायरस जागा व्हायचा.

इथं एखाद्या सज्जन माणसानं गल्लीत जाऊन खरं सांगितलं असतं. मी महिनाभर या लोकांना पाय धुवायला लावलं होतं. निवृत्त पोस्टमास्तरांना! मी गप्प बसलो आणि कंपनीच्या साहेबांना फोन करून परीक्षेसाठी पंधरा तारीख मागून घेतली. विषम तारीख, नळ कोरडा, मोटरी बंद. शमशाद पास, माझी अब्रूही पास.

चौदा तारखेला संक्रांत होती. त्याच दिवशी विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. सूर्यभान घरोघर पेढे घेऊन आला. आमच्या हिनं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, त्यानं हिच्या हातावर पेढा ठेवला आणि डोळे पुसले. त्रिंबकरावांनी पेढा घेतला, बराच वेळ हातात धरला आणि मग खाल्ला. आमच्या गल्लीत असे बदल याच वेगानं होतात.

पंधराला गावात तणाव. दुकानं बंद, रिक्षा बंद, चौकाचौकात पोलीस. वाळूजहून साहेबांचा फोन आला, "आज येत नाही. अठरा तारखेला सहाला येतो, आता बदल नाही. आणि पैठणकर, ती मुलगी बसली की मशीन बंद पडतं म्हणे? तसं झालं तर मला दुसरा उमेदवार बघावा लागेल."

अठरा. सम तारीख. सहा वाजता.

सतरा तारखेला आमच्याकडं हिचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका आत, आणि त्यांना पोचवायला आलेले पुरुष ओट्यावर. मी दाराच्या मध्ये, म्हणजे दोन्हीकडं ऐकू जाईल असा उभा राहिलो आणि खाकरलो. नोकरीत मी अनेक कठीण टिपण्या लिहिल्या आहेत, पण ही तोंडी होती. मी सांगितलं की व्हायरस नाही, मोटरी आहेत, आणि त्यांत पहिली माझी आहे.

त्रिंबकराव म्हणाले, "म्हणजे मी थंडीत रोज पाय धुतले ते?"

"स्वच्छतेच्या दृष्टीनं ते वाया..."

"माझ्या मिरच्या गेल्या की रं बाबा," बानाबाई आतून म्हणाल्या.

ही हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारात आली. "आणि त्या पोरीच्या बांगड्या?" हिनं विचारलं. मी खाली मान घातली आणि म्हणालो, "उद्या सहा वाजल्यापासून साहेब जाईपर्यंत कुणी मोटर लावू नका. एवढी विनंती आहे."

ओट्यावर कालवा झाला. पाणी तेवढाच वेळ येतं! दोन दिवस काय करायचं? शेळ्यांना काय पाजायचं? त्रिंबकरावांकडं तर पाहुणे यायचे होते. सूर्यभान म्हणाला, "पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाय. थांबू की."

त्रिंबकराव चिडलेलेच होते. ते म्हणाले, "तुमचं काय जातंय, साळवे? तुम्हाला तसंही पाणी येतच नाही."

आतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

सूर्यभान रागावला नाही. तो म्हणाला, "व्हय, येत नाय. आणि एका नावासाठी आम्ही सोळा वर्षं थांबलो, काका. तुमच्यानं अर्धा तास थांबवत नाय का?"

त्रिंबकरावांनी टोपी काढली, तिच्यात बघितलं आणि पुन्हा घातली. "पाहुण्यांना कळवतो, वीस तारखेनंतर या म्हणून," ते म्हणाले आणि पाय आपटत घरी गेले.

अठरा तारखेला शमशाद आली ती दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरून. माझ्याकडं बघून तिनं सलाम केला आणि खुर्चीवर बसली. रहीमभाई ओट्याखालीच उभे राहिले. साहेब आले, चहाला नको म्हणाले, यादी तिच्यापुढं ठेवली आणि घड्याळ काढलं. सहाला नळ खाकरला. खिडकीतून मी बाहेर बघितलं तर सगळी गल्ली आपापल्या दारात हात पाठीमागं बांधून उभी होती, त्रिंबकरावसुद्धा. एकही मोटर वाजत नव्हती. खोलीत फक्त बटणांचा आणि बांगड्यांचा आवाज. ती दर थोड्या वेळानं काम जपून ठेवत होती. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

पडदा काळा झाला नाही. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि तिला विचारलं, "मी ऐकलं होतं, तू बसलीस की मशीन बंद पडतं?"

आता ती सांगणार, असं मला वाटलं. सांगायला हवंच होतं. बांगड्या, मीठमिरच्या, सगळं. मी दाराची चौकट धरली.

"जी, बंद पडायचं," शमशाद म्हणाली. "व्हायरस होता. सरांनी शोधून काढला."

"अच्छा? कुठून आला होता?"

"इथलाच होता, साहब. गल्लीतलाच."

साहेबांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. तो आदर मला कुठं ठेवावा ते कळेना. "पहिल्या तारखेला रुजू हो," ते तिला म्हणाले. बाहेर रहीमभाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तसेच खाली बसले.

साहेबांची जीप वळली न वळली तोच गल्लीच्या टोकाकडून भामाबाईचा आवाज आला, "अवं या की! बघा की!" आम्हाला वाटलं काही झालं. सगळे धावले. साळव्यांच्या अंगणातल्या नळाला पाणी येत होतं. बारीक नाही, चांगलं अंगठ्याएवढ्या धारेनं, खाली बादलीत पडत होतं आणि बादली भरून वाहत होती. सूर्यभान नुसता हात धारेखाली धरून उभा होता.

"पण मोटर तर कुणीच लावली नाही," त्रिंबकराव म्हणाले.

"म्हणूनच की हो, काका," आमची ही म्हणाली.

वीस तारीख उजाडली. क्लास नव्हता, परीक्षा नव्हती, साहेब येणार नव्हते. सहाला नळ खाकरला. मी सवयीनं जाऊन मोटरच्या बटणावर बोट ठेवलं. भिंतीपलीकडून त्रिंबकरावांचा आवाज आला, "लावली का हो, पैठणकर?"

"नाही. तुम्ही?"

"तुम्ही लावाल म्हणून थांबलोय."

समोर बानाबाईंचा मुलगाही आपल्या दारात तसाच उभा होता, कान देऊन. मी पण कान दिला. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या पिंपात पाणी पडत होतं.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मोटरचं काय झालं?"

मी बोट काढून घेतलं. "लावू नकोस," मी म्हणालो. "व्हायरस आहे तिच्यात."

आणि बादली घेऊन नळाखाली धरली.